पालक, अळू, बीट, बदाम: ऑक्झलेटचा भार कसा ओळखावा आणि कसा कमी करावा

ठाण्यात मासुंदा तलावाभोवती किंवा नवी मुंबईत खाडीकाठी सकाळी फिरायला जाणाऱ्यांमध्ये हिरवा रस पिण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत चांगलीच रुळली आहे. घरी आल्यावर कच्च्या पालकाची अर्धी जुडी, एक बीट, थोडे आले आणि लिंबू मिक्सरमध्ये फिरवून अनशापोटी घ्यायचे, त्याआधी मूठभर भिजवलेले बदाम खायचे, दिवसभर कोरा चहा प्यायचा आणि रात्री गोड खावेसे वाटलेच तर डार्क चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकायचा, असा हा क्रम असतो. यातील एकेक वस्तू सुटी पाहिली तर तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र या सगळ्यांमध्ये ऑक्झलेट हा एकच घटक बऱ्याच प्रमाणात असतो, आणि तो रोज, कच्च्या स्वरूपात, दूध-दह्याची जोड नसताना आणि पुरेसे पाणी न पिता घेतला गेला, की काही जणांच्या मूत्रपिंडांना तो जड जातो. पालेभाज्या सोडून देणे हा यावरचा उपाय नव्हे. त्या किती, कशा शिजवून आणि कशाबरोबर खाव्यात हे समजून घेतले तर बहुतेक घरांतील ताटात फार थोडे बदल करावे लागतात. ते बदल पुढे क्रमाने दिले आहेत.

शरीरात गेल्यावर काय होते

ऑक्झलेट वनस्पती स्वतःच तयार करतात. त्याचा काही भाग पाण्यात विरघळणारा असतो आणि काही भाग कॅल्शियमशी आधीच बांधला गेलेला, न विरघळणारा असतो. अळू किंवा सुरण नीट शिजले नाही तर घशाला जी खाज सुटते, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की जे खाजत नाही त्यात ऑक्झलेट नाही. पालक मुळीच खाजत नाही, तरीही आपल्या रोजच्या भाज्यांत ऑक्झलेटच्या बाबतीत तो अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि मूत्रपिंडांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असलेला विरघळणारा भागच त्याच्यात मोठा असतो. पालक खाल्ल्यावर दातांवरून जीभ फिरवली असता दात खरखरीत लागतात, हा त्याच ऑक्झलेटचा परिणाम.

विरघळणारे ऑक्झलेट आतड्यातून रक्तात जाते. सर्वसाधारणपणे खाल्लेल्यापैकी ५ ते १५ टक्केच शोषले जाते. याशिवाय आपले यकृतही रोज थोडे ऑक्झलेट तयार करते. माणसाच्या शरीरात ते मोडून टाकण्याची सोय नसल्यामुळे हे सारे मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर पडावे लागते. लघवी दाट असेल, तर तेथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडून स्फटिक बनतात आणि त्यांचाच पुढे मुतखडा होतो. मुतखड्यांपैकी सुमारे ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतील बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. खडा मूत्रपिंडातच बसून असेतो अनेकदा काहीही दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की पाठीच्या बाजूकडून जांघेकडे जाणारी कळ येते, मळमळते, लघवीतून रक्त जाते. धोका छुपा आहे असे म्हणायचे ते या मधल्या शांत काळामुळे. आणि एकदा खडा होऊन गेला की दहा वर्षांत तो पुन्हा होण्याची शक्यता जवळपास निम्मी असते.

दुसरा तोटा इतका ठळक नसला तरी घरोघरी आढळतो. पालकात कॅल्शियम भरपूर आहे म्हणून हाडांसाठी पालक खावा, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तेथील कॅल्शियम ऑक्झलेटने बांधून ठेवलेले असल्यामुळे त्यातले जेमतेम ५ टक्के अंगी लागते, तर दुधातले चौथ्या हिश्श्याहून अधिक लागते. दूध न पिणाऱ्या आणि केवळ पालकावर भिस्त ठेवणाऱ्या पन्नाशीतल्या स्त्रियांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

तिसरा धोका दुर्मीळ, परंतु गंभीर आहे: एकाएकी फार मोठ्या प्रमाणात ऑक्झलेट आल्याने स्फटिक मूत्रपिंडाच्या ऊतींतच साचतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागते. अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात ५६ वर्षांच्या एका गृहस्थांना दिवसाला १६ ग्लास, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास बर्फाचा कोरा चहा पिण्याची सवय होती. त्यांच्यावर डायलिसिसची वेळ आली, आणि ही नोंद २०१५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण केरळमधले आहे. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिलिंबीचा, म्हणजे कोकणात ज्याला बिंबल म्हणतात त्या फळाचा, घट्ट रस प्यायलेल्या दहा जणांची मूत्रपिंडे अचानक बिघडल्याची नोंद २०१३ साली झाली. आमटीत किंवा माशाच्या कालवणात आंबटपणासाठी दोन-चार बिंबले पडणे आणि त्यांचा पेलाभर रस उपाशीपोटी पिणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे या घटनेवरून कळते. बिंबलाचेच भावंड असलेले करमळ, म्हणजे बाजारातले स्टारफ्रूट, ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्यांनी अजिबात खाऊ नये. त्यात ऑक्झलेटखेरीज मज्जासंस्थेवर परिणाम करणारे आणखी एक द्रव्य असते, आणि अशा रुग्णांत न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

सांधेदुखीपासून थायरॉइडपर्यंत आणि थकव्यापासून त्वचेच्या तक्रारींपर्यंत सर्व काही ऑक्झलेटच्या माथी मारणारे व्हिडिओ हल्ली पुष्कळ फिरतात. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही. त्यांच्या नादी लागून घरातून पालेभाजी हद्दपार करणे हे हिरव्या रसाच्या अतिरेकाइतकेच अविचाराचे होईल.

थाळीतला हिशेब

पहिले काम कागदावर करायचे आहे. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा धरून, जे खाल्ले-प्यायले ते लिहून काढावे आणि पुढील आकड्यांशी ताडून पाहावे. जात, जमीन, पानांचे वय आणि शिजवण्याची रीत यांनुसार हे आकडे बरेच बदलतात, म्हणून ते अंदाजापुरतेच घ्यावेत.

शिजलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात सुमारे ७५० मिलिग्रॅम ऑक्झलेट असते. सर्वसाधारण मिश्र आहारातून दिवसभरात मिळून १०० ते २०० मिलिग्रॅम पोटात जाते, आणि मुतखडा वारंवार होणाऱ्यांना ते १०० च्या आत ठेवायला सांगितले जाते. म्हणजे पालकाची एक वाटी दिवसाची मर्यादा एकटीच कितीतरी पटींनी ओलांडते. त्यानंतरचे पदार्थ या मानाने बरेच खाली येतात: मूठभर, म्हणजे साधारण २८ ग्रॅम बदामांत १२० मिलिग्रॅमच्या आसपास, अर्धा कप बिटात ७५, अर्धा कप भेंडीत ५५ ते ६०. भिजवलेले पाच-सहा बदाम म्हणजे ३० मिलिग्रॅम. त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. साखर सोडलेली मंडळी बदामाच्या पिठाच्या पोळ्या आणि केक खातात, तेथे मात्र नकळत शंभर-शंभर ग्रॅम बदाम पोटात जातो आणि आकडा पालकाच्या दिशेने सरकू लागतो.

पालकाच्याच पंक्तीला बसणाऱ्या आपल्या भाज्या म्हणजे माठ आणि लाल माठ, चाकवत, आंबट चुका, घोळ, अळूची पाने आणि कंदांपैकी सुरण. काजू, शेंगदाणे, न सडलेले तीळ, कोको, सोयाबीन आणि रताळे मधल्या रांगेत येतात. मेथी, कोबी, फुलकोबी, दुधी, पडवळ, काकडी, लाल भोपळा, मुळा, कांदा, मटार यांत ऑक्झलेट कमी असते, तेव्हा हिरवी भाजी हवी म्हणजे पालकच हवा असे मुळीच नाही. जांभळी नाक्याच्या मंडईत पालकाच्या जुडीशेजारीच मेथीची जुडी असते. आठवड्यातून दोनदा हात तिकडे वळवला तरी हिशेबात मोठा फरक पडतो. टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, पण टोमॅटोत ऑक्झलेट थोडेच असते आणि बियांचा खड्याशी काही संबंध नाही.

उपवासाच्या थाळीकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे, कारण तिचा विचार सहसा कोणी या अंगाने करत नाही. श्रावणातल्या सोमवारी, एकादशीला किंवा नवरात्रात नऊही दिवस राजगिऱ्याच्या पुऱ्या, रताळ्याचा कीस, सुरणाची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि दाण्याचाच कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी असा बेत असतो. ऑक्झलेट असलेले जिन्नस एका ताटात इतक्या संख्येने एरवी जमत नाहीत. त्यातच त्या दिवशी अनेक जण पाणी कमी पितात, काही तर निर्जळ उपवास करतात. मुतखडा होऊन गेलेल्यांनी निर्जळ उपवास करू नये हे स्पष्टच सांगायला हवे. इतरांनी उपवासाच्या ताटात दाण्याच्या कुटाचे प्रमाण कमी करून ताक, दही, काकडीची कोशिंबीर आणि वरईचे तांदूळ वाढवले, तरी पुरे.

चहाबाबत आपली जुनी सवय अनायासे बरी आहे. दुधातले कॅल्शियम चहातल्या ऑक्झलेटला कपातच बांधू लागते, त्यामुळे दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा सौम्य पडतो. वजन कमी करण्यासाठी दिवसाला सात-आठ कप कोरा चहा किंवा बाटलीभर आइस्ड टी पिणाऱ्यांनी तो दोन-तीन कपांवर आणावा.

कोणी अधिक जपावे

निरोगी मूत्रपिंडे, भरपूर पाणी आणि चौरस जेवण असलेल्या माणसाने आठवड्यातून एक-दोनदा पालक किंवा अळू खाल्ले तर काही बिघडत नाही. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे किंवा आई-वडील, भावंडांना झाला आहे, ज्यांना मधुमेह किंवा स्थूलता आहे, आणि ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले आहे, त्यांनी मात्र वरचा हिशेब गांभीर्याने करावा.

एका गटाकडे हमखास दुर्लक्ष होते. वजन घटवण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेले, स्वादुपिंडाला जुनी सूज असलेले आणि क्रोन्ससारखे आतड्याचे विकार असलेले रुग्ण खाल्लेली चरबी नीट पचवू शकत नाहीत. आतड्यात उरलेली ही चरबी कॅल्शियमला पकडून ठेवते, ऑक्झलेटला बांधायला कॅल्शियम उरत नाही, आणि मोकळे राहिलेले ऑक्झलेट नेहमीपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. शस्त्रक्रियेनंतर ‘आता आरोग्यदायी खायचे’ म्हणून हिरव्या रसाकडे वळणारे नेमके हेच रुग्ण असतात. दीर्घकाळ प्रतिजैविके घेतल्यानेही आतड्यातील ऑक्झलेट खाणारे जिवाणू नष्ट होतात. लहान मुलाला मुतखडा झाला तर तो खाण्यामुळे झाला असे धरून चालू नये; यकृतात ऑक्झलेट अतोनात तयार होण्याचा एक आनुवंशिक विकार असतो आणि तो लवकर ओळखला जाणे अत्यंत आवश्यक असते.

भाजी शिजवण्याची रीत

विरघळणारे ऑक्झलेट पाण्यात उतरते, या एका गोष्टीवर ही सारी रीत उभी आहे. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिले, तर विरघळणारे ऑक्झलेट भाजीनुसार ३० ते ८७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे २००५ सालच्या एका प्रयोगात आढळले. वाफवल्याने ही घट ५ ते ५३ टक्के इतकीच होते, आणि भाजल्याने किंवा नुसते परतल्याने जवळजवळ काहीच होत नाही, कारण निघालेला रस तेथेच भाजीत आटतो.

पालक असा करावा: जुडी निवडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, पाने मोठी मोठी चिरावीत, म्हणजे कापलेल्या कडांतून ऑक्झलेट बाहेर पडायला वाट मिळते. भाजी बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी उघड्या पातेल्यात खळखळ उकळवावे, त्यात पाने टाकून पाच-सहा मिनिटे उकडावीत, चाळणीत ओतावीत आणि उलथन्याने हलके दाबून पाणी निथळू द्यावे. खाली उतरलेले हिरवट पाणी जीवनसत्त्वांच्या मोहाने वरणात किंवा कणकेत घालू नये. ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट त्यात थोडे वाया जाते हे खरे, परंतु ते लिंबू, पेरू आणि डाळींतून भरून काढता येते. कुकरमध्ये डाळ-दाण्यांबरोबर पालक लावून तेच पाणी घोटून घेण्याची जी घाईची पद्धत आहे, तिच्यात ऑक्झलेट जिथल्या तिथे राहते. डाळ आणि थोडे दाणे कुकरला वेगळे लावावेत, पालक वेगळा उकडून निथळावा, मग दोन्ही एकत्र घोटून, बेसन लावलेले ताक घालून वर लसणाची फोडणी द्यावी. आपली ताकातली पालकाची किंवा चाकवताची पातळ भाजी ही या दृष्टीने फार शहाणपणाची पाककृती आहे, कारण पाण्याने न गेलेले ऑक्झलेट ताकातले कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवते.

अळूच्या फदफद्याला चिंच घालायचीच असते. चिंचेने खाज मारली जाते, ऑक्झलेट मात्र नाहीसे होत नाही, हे ध्यानात ठेवून अळूची चिरलेली पाने आणि सोललेली देठे आधी उकडून, पाणी काढून, मग चिंच, गूळ, डाळ यांच्याबरोबर पुन्हा शिजवावीत. अळूवडीला हा मार्ग नाही. ती वाफेवरच होते, म्हणून तिथे संख्या आवरणे आणि जेवणात वाटीभर दही ठेवणे एवढेच हातात राहते. पावसाळ्याच्या तोंडाला मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया ठाण्याच्या बाजारात शेवळं ही खाजरी रानभाजी घेऊन बसतात, आणि त्यांच्या वाट्याशेजारी काकडांचा, म्हणजे तिची खाज मारणाऱ्या आंबट रानफळांचा, छोटा वाटा असतो. काकडाशिवाय शेवळं करू नयेत हे जाणत्या घरांत सांगावे लागत नाही. ही भाजी वर्षातून दोन-चार वेळाच होते, तेव्हा तिची चिंता करण्यापेक्षा आतला खाजरा भाग नीट काढणे आणि ती पूर्ण शिजू देणे महत्त्वाचे.

कच्चा रस सोडायचा नसेल तर निदान पालक आणि बीट त्यातून काढावे. दुधी, काकडी, कोथिंबीर, पुदिना आणि लिंबू यांचे मिश्रण चवीला कमी पडत नाही. पेलाभर रसात एका वेळी जितका पालक जातो तितका भाजी म्हणून एका बैठकीत कोणी खाणार नाही.

कॅल्शियम त्याच जेवणात हवे

मुतखडा कॅल्शियमचा, मग दूध बंद करा, हा सल्ला अजूनही घरातली वडीलधारी मंडळी देतात, आणि तो उलटा आहे. ४५ हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी होतात असे दिसून आले. पुढे इटलीत खडा होऊन गेलेल्या १२० पुरुषांवर पाच वर्षे प्रयोग झाला. २००२ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार कॅल्शियम कमी केलेल्या गटातील ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, तर कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या गटात ६० पैकी १२ जणांना झाला. कॅल्शियम आतड्यात असले की ते ऑक्झलेटला तेथेच बांधते आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. तेथे ते नसले तर ऑक्झलेट रक्तात शिरते.

म्हणून प्रौढांना लागणारे दिवसाचे १००० मिलिग्रॅमच्या आसपासचे कॅल्शियम दूध, दही, ताक, पनीर यांतून घ्यावे, आणि त्याची वेळ साधावी. सकाळी सात वाजता घेतलेले दूध रात्रीच्या पालकाच्या कामी येत नाही. बिटाची कोशिंबीर दह्यातली करावी, पालकाबरोबर पनीर असावे, राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर पेलाभर दूध घ्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या झोपताना घेण्याऐवजी जेवणाबरोबर घेता येतील का, हे त्यांना विचारावे.

पाणी आणि लोकलचा प्रवास

इतके सारे करूनही पाणी कमी पडले तर उपयोग नाही. किती प्यायले यापेक्षा किती लघवी झाली हे माप खरे: दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. खडा झालेल्या रुग्णांवर झालेल्या इटलीतील आणखी एका पाच वर्षांच्या प्रयोगात, लघवी दोन लिटरच्या वर ठेवणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला आणि इतरांपैकी २७ टक्के लोकांना. आपल्या दमट हवेत घामावाटे पुष्कळ पाणी जाते, त्यामुळे थंड प्रदेशातले ‘आठ ग्लास’ येथे बहुधा पुरत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्यांना तर तीन-साडेतीन लिटरही लागू शकते.

अडचण पाण्याची नसून स्वच्छतागृहाची असते. ठाण्याहून सीएसएमटीकडे किंवा ट्रान्स-हार्बरने वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या असंख्य स्त्रिया सकाळी सहापासून कचेरीत पोहोचेपर्यंत मुद्दाम घोटभरही पाणी पीत नाहीत, आणि परतीच्या प्रवासाआधीही तेच करतात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे नुसते सांगणे निरर्थक आहे. त्यापेक्षा वेळा बांधून घ्याव्यात: उठल्याबरोबर दोन पेले, म्हणजे निघण्यापूर्वी घरीच मोकळे होता येते, कचेरीत पोहोचताच दोन पेले, तेथून दुपारी चारपर्यंत दर तासाला एक, आणि घरी आल्यावर पुन्हा दोन. रात्री झोपण्यापूर्वी एक पेला हवाच, कारण रात्रीची लघवी सर्वांत दाट असते. दुपारची लघवी फिकट पिवळी दिसली की जमले असे समजावे. गडद असेल तर पुढच्या तासाभरात दोन पेले वाढवावेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

पाण्यात लिंबू पिळलेले चांगले. त्यातले सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवते. मात्र सरबतात मीठ आणि साखर ओतली तर मिळवलेले जाते. टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी प्यायल्याने खडे होतात ही भीतीही सहसा अनाठायी असते.

मीठ, गोळ्या आणि घरगुती उपाय

मीठ अधिक गेले की लघवीतून कॅल्शियमही अधिक जाते. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी यांनी केव्हाच ओलांडली जाते. जेवणात यातला एकच जिन्नस असावा.

‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या कोरोनाच्या काळात घराघरांत शिरल्या आणि काही ठिकाणी अजून मुक्कामाला आहेत. शरीराला दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व पुरते. जादाचा काही भाग ऑक्झलेटमध्ये रूपांतरित होतो. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या नसतील तर त्या बंद कराव्यात. हळदीच्या कॅप्सूलबाबतही तोच विचार करावा, कारण हळदीतले ऑक्झलेट बहुतांशी विरघळणारे असते. भाजीतली चिमूटभर हळद किंवा हळद घातलेले दूध यांना हात लावण्याची गरज नाही.

कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने यांवर अनेकांची श्रद्धा आहे. कढणाने निदान पोटात पाणी जाते, आणि कुळीथ हे चांगले कडधान्य आहे. पण सोनोग्राफीत खडा मोठा दिसत असताना किंवा मूत्रवाहिनी अडलेली असताना कढणावर महिनाभर काढणे म्हणजे मूत्रपिंड पणाला लावणे होय.

तपासणी कधी आणि कशी

कळेबरोबर थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्यांमुळे पोटात पाणी टिकेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पडलेला खडा टाकून देऊ नये. लघवी गाळणीतून करून तो धरावा, कोरड्या डबीत ठेवावा आणि पृथक्करणासाठी द्यावा. यूरिक आम्लाच्या खड्याचे पथ्य वेगळे असते, आणि खड्याचा प्रकार कळल्याशिवाय पालक सोडणे म्हणजे अंदाजाने औषध घेण्यासारखे आहे.

लघवीच्या साध्या अहवालात ‘कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स’ असे लिहून आले म्हणून घाबरू नये. निरोगी माणसाच्या लघवीतही ते दिसतात. वारंवार खडे होणाऱ्यांसाठी खरी उपयोगाची तपासणी म्हणजे २४ तासांच्या लघवीची. त्यात ऑक्झलेटबरोबर कॅल्शियम, सायट्रेट, सोडियम आणि एकूण मात्रा मोजली जाते. दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या पुढे ऑक्झलेट गेले तर ते अधिक मानतात. सकाळची पहिली लघवी टाकून देऊन घड्याळातली वेळ लिहून ठेवावी, त्यानंतरची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या कॅनमध्ये जमा करावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी त्यात घालून संकलन संपवावे. कॅनमध्ये आधीच आम्ल घातलेले असू शकते, म्हणून ते ओतून टाकू नये, धुऊ नये आणि लघवी थेट त्यात न करता आधी भांड्यात घ्यावी. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावे, पण खाणेपिणे नेहमीसारखेच ठेवावे.

नोकरदार माणसे हे संकलन सोयीसाठी रविवारी करतात. रविवारी माणूस घरी असतो, पंखा आणि स्वच्छतागृह दोन्ही जवळ असतात आणि पाणी आपोआप अधिक प्यायले जाते, त्यामुळे अहवाल प्रत्यक्ष परिस्थितीपेक्षा बरा येतो. शक्य असेल तर एक संकलन रविवारी आणि दुसरे कामाच्या दिवशी करावे. कॅन डब्याच्या पिशवीत घालून नेणे अवघड वाटत असेल, तर दुसऱ्या संकलनासाठी एक दिवस घरून काम मागून घ्यावे आणि त्या दिवशी पाणी मात्र कचेरीच्या दिवशी पितो तितकेच, त्याच वेळांना प्यावे.